भातकाकू

भातकाकू भात खात नसत. पंचवटीतल्या आमच्या गल्लीत नवं कोणी राहायला आलं की ही गोष्ट त्याला आवर्जून सांगितली जायची, आणि सांगणारा समोरच्याचं तोंड बघत थांबायचा. कारण रोज सकाळी गल्लीत पहिला वास यायचा तो काकूंच्याच भाताचा. पितळी पातेल्यात शिजवलेला, बिनमिठाचा, मुठीत घेतला की गोळा होईल असा मऊ भात. तो पिंडांचा भात. गुरुजी, म्हणजे काकूंचे मिस्टर, तो डब्यात भरून घाटावर घेऊन जायचे, कारण अस्थींचे आणि दहाव्याचे विधी करणं हाच त्या घराचा पिढीजात उद्योग. गल्लीतली पोरं त्यांना भातकाकू म्हणत आणि काकूंना ते ठाऊक होतं. भात का खात नाही असं कोणी विचारलंच तर म्हणत, "दिवसभर हाताला तोच वास. जेवायला बसल्यावर पुन्हा त्याच्याच तोंडाकडे काय बघायचं?" आणि बाजरीची भाकरी मोडायला लागत.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. गल्लीत सकाळी आता निरनिराळे वास येतात, पण तो येत नाही, आणि माझी झोप अजूनही त्याच वेळेला मोडते.

मी देवळ्याची. कांद्याच्या गावची, आम्हांला डोळ्यांत पाणी आणायला फार मोठं कारण लागत नाही, असं मी एरवी गमतीने म्हणते. पण वडील गेले तेव्हा गंमत सुचत नव्हती. त्यांच्या अस्थी घेऊन आई, माझा भाऊ आणि मी एसटीने नाशिकला आलो. आमच्या भावकीचे गुरुजी हेच, त्यामुळे त्यांच्याच घरी उतरायची रीत. विधी झाले, पानं वाढली, आणि आईने पान पुढे सारून पदर डोळ्यांना लावला. "माले भूक नही," एवढंच म्हणाली. मला वाटलं, या बाई आता येऊन आईच्या पाठीवरून हात फिरवतील. त्या आल्या, आमटीची वाटी आईसमोर ठेवली आणि म्हणाल्या, "ताटावर रडायचं नाही. आमटी खारट होते आणि नावं मला ठेवतात. आधी जेवा. मग आत चटई टाकून देते, हवं तेवढं रडा."

मला असा संताप आला म्हणता! ही बाई आहे की कैदाशीण, असं मी भावाच्या कानात पुटपुटले. पण आई जेवली. वडील गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली, आणि मग खरोखरच चटईवर जाऊन रडली. काकू तिच्या शेजारी बसून लसूण सोलत होत्या. आई रडायची थांबेपर्यंत त्या उठल्या नाहीत, आणि लसूण मात्र आठवडाभर पुरेल एवढा सोलून झाला.

पुढे मला नाशिकला एका सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि खोलीची शोधाशोध सुरू झाली. आई म्हणाली, त्या आमटीवाल्या बाईंकडे विचारून तरी बघ. वरच्या मजल्यावरची एक खोली रिकामी होती. अस्थी घेऊन आलेली मी अशी भाडेकरू होऊन राहिले, आणि राहिले ती राहिलेच. लग्नाचं वय त्याच जिन्यावरून चढता-उतरता निघून गेलं. काकूंनी मला नावाने हाक कधी मारली नाही. "ए देवळ्याची, येताना कोथिंबीर आण," "देवळ्याची, केस बांध, भुतं पण घाबरतील," असा एकूण कारभार.

भुतांचं म्हणाल तर त्या घरात त्यांची वानवा नसावी असं मला पहिल्या महिन्यात वाटायचं. अस्थी घरात घ्यायच्या नसतात. त्यामुळे आदल्या संध्याकाळी येऊन थांबणाऱ्या लोकांसाठी जिन्याखालच्या पडवीत भिंतीला खुंट्यांची ओळ होती. तिथे तांबड्या कापडात बांधलेली गाडगी आणि तांबे लटकत असायचे, आणि काकू दिवेलागणीला त्या ओळीखाली एक पणती ठेवायच्या. मी कचेरीतून आले की भिंतीकडे न बघता जिना चढायची. एकदा काकूंनी पाहिलं. म्हणाल्या, "तोंड काय फिरवतेस? कोणाचे तरी आईबाप आहेत ते. दमून आलेत. आल्या-गेल्याला माणूस दोन शब्द बोलतो की नाही?" तेव्हापासून मीही येता-जाता "आले हो" म्हणायला लागले. सवय झाली. कोणी लटकलेलं नसलं की उलट सुनं सुनं वाटायचं.

आलेल्या माणसाला काकू कधीही विचारत नसत की कसे गेले. त्या म्हणायच्या, सांगून सांगून बिचाऱ्यांचं तोंड दुखलेलं असतं, त्यांना फार तर चहात साखर किती ते विचारावं. हल्ली मुलं परदेशात असतात आणि विधी मोबाईलवर बघतात. एकदा एका घरातली सून तसा मोबाईल हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. पलीकडे तिचा नवरा, अमेरिकेत, हुंदके देत होता. काकू पोळी लाटता लाटता त्या काचेत डोकावल्या आणि म्हणाल्या, "तिकडे पहाट असेल ना रे? फ्रीजमधलं काहीतरी गरम करून खाऊन घे आधी." तो मुलगा रडता रडता हसला. ही बाई सगळ्या जगाच्या दुःखावर एकच औषध देते आणि ते लागूही पडतं, याचं मला नवल वाटायचं. मग ते दुःख त्यांच्याच घरी आलं.

मुकुंद त्यांचा एकुलता एक मुलगा. भिक्षुकी त्याने घेतली नाही. ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला होता. ताडमाड उंच. त्या घराच्या सगळ्या चौकटी गुरुजींच्या बेताच्या उंचीने बसवलेल्या, त्यामुळे हा मुलगा घरात सदा वाकलेला. काकू म्हणायच्या, देवाला पण एवढा नमस्कार करत नाही हा, जेवढा माझ्या स्वयंपाकघराला करतो. त्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं, गंगेला पूर आला. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. मुकुंद आणि त्याचे मित्र घाटावरच्या टपऱ्यांतलं सामान वर काढायला गेले होते. फुलं विकणाऱ्या म्हातारीची लोखंडी पेटी उचलायला तो एक पायरी जास्त उतरला, असं बरोबरच्यांनी सांगितलं. पेटी सापडली. म्हातारी रडत ती घेऊन काकूंकडे आली होती.

पाणी उतरल्यावर सगळ्या पायऱ्यांवर काळा गाळ बसला. होडीवाले, पट्टीचे पोहणारे सायखेड्यापर्यंत आणि पुढे नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत जाऊन आले. गुरुजी स्वतः काठाकाठाने गावोगाव फिरले. काहीच हाताला लागलं नाही. मग सुरू झाल्या त्या बातम्या. कोणी म्हणे सुरतेच्या स्टेशनवर तसाच मुलगा दिसला, डोक्याला मार लागलाय, नाव सांगता येत नाही. कोणी म्हणे पूर्वेकडे आहे, सुखरूप आहे, पत्रिकेत दिसतंय. सुरतेला मी काकूंबरोबर गेले होते. तो मुलगा मुकुंदच्या खांद्याला लागला असता. काकूंनी त्याला बाकावर बसवून वडापाव खाऊ घातला आणि आम्ही परतीच्या गाडीत बसलो.

लोक सांगतात तसं त्यांनी अंथरूण धरलं नाही. महिन्याभरात पितळी पातेलं पुन्हा गॅसवर चढलं. पण घर बदललं. खुंट्यांच्या ओळीत शेवटची खुंटी त्या कोणालाही वापरू देत नव्हत्या. मुकुंदचा मोबाईल त्याच्याबरोबरच पाण्यात गेलेला, तरी त्या नंबरवर त्या माझ्याकडून रिचार्ज करून घ्यायच्या. नाहीतर कंपनी तो दुसऱ्या कोणाला देऊन टाकेल म्हणून. दुपारी सगळी निजानीज झाली की नंबर लावून फोन कानाला धरायच्या. तीच ती बाई बोलायची, आपण डायल केलेला नंबर सध्या बंद आहे. काकू शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या आणि मग भांडी घासायला घ्यायच्या. मी एकदा न राहवून म्हटलं, काकू, कशाला जिवाला त्रास करून घेता? तर म्हणाल्या, "बंद आहे म्हणते ना ती? नाही असं कुठे म्हणते?"

सगळ्यांत जास्त भीती वाटायची ती त्या विधीला आलेल्या यजमानांशी बोलायच्या तेव्हा. पूर्वी जी बाई जगाला जेवू घालून शहाणं करायची, ती आता तांबड्या कापडातल्या गाडग्याला हळूच बोट लावायची आणि ज्याचं ते असेल त्याला म्हणायची, "नशीबवान आहात. हातात काहीतरी आहे तुमच्या." माणसं चपापून बघत राहायची. बापाची राख हातात घेऊन आलेल्याला नशीबवान म्हणणारी बाई त्यांनी कधी पाहिली नसणार. गंगेकडे तर काकूंनी पाठच फिरवली. एवढ्या हाकेच्या अंतरावर नदी, पण काकू घाटाच्या पायऱ्या उतरल्या नाहीत. सणावाराला बायका दिवे सोडायला निघाल्या की या दार लोटून घ्यायच्या. मी विचारलं, देवावरून मन उडालं का हो? पोळीवर तूप सोडत म्हणाल्या, "बाहेर दहा माणसं उपाशी बसलीत. मी देवाशी भांडत बसले तर त्यांचा स्वयंपाक तो करणार आहे का?"

गुरुजींचं वेगळंच चाललं होतं. ज्याचा देह सापडत नाही त्याच्यासाठी शास्त्रात एक विधी आहे. पळसाच्या देठांचा माणूस करायचा, नारळाचं डोकं, कवड्यांचे डोळे, वरून सातूच्या पिठाचा लेप, आणि त्याला अग्नी द्यायचा. मग पुढचे पिंड, दहावं, बारावं. गुरुजींनी जन्मभर दुसऱ्यांसाठी तो केला होता. आता त्यांना तो मुकुंदसाठी करायचा होता, कारण त्यांच्या हिशेबी पोर ना इथलं ना तिथलं, अधांतरी तहानलेलं फिरत होतं. काकूंच्या हिशेबी तो विधी म्हणजे जिवंत पोराला बापाने आपल्या हाताने जाळणं. दोघांनाही पोराचीच काळजी, आणि त्यावरूनच दोघांचं बोलणं तुटलं. त्यांच्यातले निरोप माझ्यामार्फत जायचे. देवळ्याची, त्यांना सांग गोळी घ्यायची राहिलीय. अगं, तिला सांग उद्या पाच पानं आहेत. मी भिंतीसारखी मध्ये उभी. दोन वर्षं अशी गेली.

आणि मग ती चूक झाली. असली चूक होईल ती याच घरात.

पेठकडचे सोमाभाऊ आपल्या वडिलांच्या दहाव्याला भावंडांना घेऊन आले होते. डोंगरातला शेतकरी माणूस, पन्नाशीचा, अंगाने काटक. रविवार होता म्हणून मी खाली स्वयंपाकघरात काकूंना मदत करत होते. घाटावरून मंडळी परत आली ती नेहमीसारखी पडवीत टेकली नाहीत. गुरुजी सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि चौकटीला धरून उभे राहिले. कित्येक महिन्यांत ते काकूंशी समोरासमोर बोलले नव्हते. म्हणाले, "आज माझ्या तोंडून चुकून मुकुंदचं नाव गेलं."

"कुठे?" काकूंनी विचारलं.

"पिंड देताना. यांच्या वडिलांचं नाव-गोत्र उच्चारायचं, तिथे मी आपलं गोत्र आणि मुकुंदचं नाव घेतलं. पिंड खाली ठेवल्यावर माझ्या ध्यानात आलं."

त्या घरात एवढी मोठी चूक आजवर कोणाकडून झाली नव्हती. परक्याच्या बापाचा घास आपल्या पोराला दिला गेला होता. गुरुजींनी घाटावरच सोमाभाऊंचे पाय धरायला हात पुढे केले होते, पुन्हा सगळं पहिल्यापासून करून देतो म्हणाले होते. पण सोमाभाऊंनी त्यांना वरच्यावर उचललं होतं. आताही तेच मागून पुढे आले आणि काकूंना म्हणाले, "आई, गुरुजींना काय बोलू नका. आमच्या बाला दुसरा पिंड दिला त्यांनी लगेच. आमचा बा लय दिलदार होता. त्याच्या पानावर आजवर कोण नाय जेवलं? तुमचा पोरगा जेवला तर त्याला बरंच वाटंल."

काकूंनी गॅस बंद केला. मला वाटलं आता त्या गुरुजींवर तुटून पडणार, की दोन वर्षं मी नको नको म्हणतेय आणि तुम्ही शेवटी त्याला पिंड घातलातच. पण त्यांनी विचारलं ते निराळंच. पुढे येऊन, पदराला हात पुसत, अगदी हळू आवाजात विचारलं, "कावळा शिवला?"

गुरुजींनी सोमाभाऊंकडे बघितलं. सोमाभाऊ म्हणाले, "शिवला आई. ठेवला न् लगेच शिवला."

"लगेच?"

"लगेच."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गेलेल्याची काही इच्छा मागे राहिली असली तर कावळा पिंडाला शिवत नाही. घरचे तासन्तास हात जोडून उभे राहतात, धाकट्याला सांभाळू, आईला अंतर देणार नाही, असं काय काय कबूल करतात, तेव्हा कुठे तो खाली उतरतो. काकूंनी अशा शेकडो कहाण्या स्वयंपाकघरात बसून ऐकलेल्या.  म्हणाल्या, "थांबला नाही? म्हणजे त्याचं काहीच मागायचं राहिलं नव्हतं? आईपाशीसुद्धा?"

 तो कावळा माझ्यासमोर आला असता तर मी त्याची मान मुरगळली असती. मी आपली ओट्याला धरून उभी. सोमाभाऊ मात्र शांतपणे खाली, उंबऱ्याच्या बाहेर बसले आणि लहान मुलाशी बोलावं तसं काकूंशी बोलले. "लय दिवसाचं भुकेलं पोर मागत बसत नाय, आई. पहिलं खाऊन घेतं. मागायचं नंतर सुचतं त्याला."

काकू तिथेच खाली बसल्या. दोन वर्षं भुकेलं, हे त्यांच्या मनाला शिवलंच नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या जगाला आधी जेव म्हणणाऱ्या बाईने आपल्या पोराला वाट बघण्याच्या नादात उपाशी ठेवलं, असा त्याचा अर्थ त्यांच्यापुरता लागला. तो बरोबर की चूक हे मला विचारू नका. मला एवढंच कळतं की शास्त्र, गुरुजी, नातेवाईक, मी, या सगळ्यांना दोन वर्षांत जे जमलं नाही ते त्या एका वाक्याने झालं. थोड्या वेळाने त्या उठल्या, पानं वाढली, सोमाभाऊंच्या पानात स्वतः पुन्हा पुन्हा वाढलं. आणि सगळ्यांचं झाल्यावर गुरुजींना म्हणाल्या, माझ्यामार्फत नाही, थेट त्यांना, "करा तुमचा विधी. पण मी येणार."

अग्नी द्यायच्या जागी बायका जात नाहीत, हे गुरुजींनी त्यांना सांगितलं नाही. सांगून उपयोगही नव्हता. पळसाचे देठ सोमाभाऊंनीच आणायचं कबूल केलं. त्यांच्या डोंगरात पळस मुबलक. ठरल्या सकाळी ते पेठहून पहिल्या गाडीने डोक्यावर हा मोठा भारा घेऊन आले. घाटाच्या खालच्या अंगाला, झाडाखाली, शेजारच्या आळीतले दुसरे गुरुजी विधी सांगायला बसले, कारण आज आमचे गुरुजी यजमानाच्या जागी होते. दर्भावर एकेक देठ मांडत हात, पाय, छाती तयार झाली. नारळ ठेवला. कवड्या ठेवल्या. मी काकूंचा दंड धरून उभी होते. त्या एकदम म्हणाल्या, "हा मुकुंद नाही."

सगळे थांबले. मला वाटलं फिरली बाई, आता इथून परत घरी.

"पाय आखूड आहेत," काकू म्हणाल्या. "माझ्या पोराची उंची एवढीशी नाही."

विधी सांगणारे गुरुजी समजुतीने म्हणाले की काकू, देठांची गणती शास्त्रात ठरलेली असते, सगळ्यांसाठी सारखीच. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. "शास्त्राने माझं पोर बघितलं नव्हतं," म्हणाल्या.

आमच्या गुरुजींनी उभ्या जन्मात शास्त्राला धक्का लावला नव्हता. ते खाली बघत बसले होते. मग त्यांनी सोमाभाऊंकडे हात पुढे केला. सोमाभाऊंनी भाऱ्यातले उरलेले देठ त्यांच्या हातात दिले आणि म्हणाले, "जास्तीचेच आणलेत गुरुजी. पोर केवढा होता, मला ठाव नव्हतं." गुरुजी एकेक देठ लावत गेले, आणि काकू वरून सांगत गेल्या. अजून. अजून थोडं. डावा पाय सारखा करा. शेवटी त्या झाडाच्या सावलीत मावेना असा लांबच लांब पळसाचा मुलगा तिथे झोपला, तेव्हा त्या म्हणाल्या, बस्स.

देठच ते, जळायला कितीसा वेळ लागतो? राख निवली तशी ती दूध शिंपडून गाडग्यात भरली, तांबडं कापड बांधलं आणि गुरुजींनी ते काकूंच्या हातात दिलं. तिथून अस्थी सोडायच्या कुंडापर्यंत त्यांनी ते छातीशी धरून आणलं. ज्या पायऱ्या दोन वर्षं टाळल्या त्या उतरल्या, आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. आणि हात काही सुटेनात. दुसरे गुरुजी मंत्र म्हणून मोकळे झाले. शेजारी दुसऱ्या घरांचे विधी चालले होते, लोक येत होते, सोडून जात होते. गुरुजी पाण्यात त्यांच्या जवळ गेले आणि जन्मभर सगळ्यांना जे सांगत आले तेच हळूच म्हणाले, "सोड आता."

काकूंनी मान वर केली. "इतकी वर्षं सगळ्यांना सोडा सोडा म्हणताय. सोडायचं कसं, ते कोणाला सांगितलंत कधी?"

गुरुजींनी गाडग्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मला नाही गं येत. लोकच आपापलं सोडायचे. मला वाटायचं माझ्या सांगण्याने सोडतात." आणि त्यांनी आपले दोन्ही हात काकूंच्या हातांखाली धरले. दोघं तसेच वाकले, गाडगं पाण्याला टेकलं, आणि कोणी कधी सोडलं ते त्या दोघांनाही सांगता आलं नसतं. पाण्याने ते नेलं.

त्यानंतर काकू बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. पुढची जी काही वर्षं त्या होत्या, त्यांत गर्दीत कोणी उंच मुलगा दिसला की त्या भाजीची पिशवी घेऊन तिथेच खिळून उभ्या राहायच्या. मी हाताला धरून म्हणायची, चला काकू. तर म्हणायच्या, "मला माहीत आहे गं. डोळ्यांना अजून नीट कळलेलं नाही." पण फोन लावणं त्यांनी बंद केलं, आणि गुरुजींचे निरोप पोचवण्याच्या कामातून माझी सुटका झाली.

मला आठवतं ते त्या दिवशीचं, पाण्यातून वर आल्यानंतरचं. ओल्या लुगड्याने काकू पायरीवर बसल्या आणि अशा रडायला लागल्या, की पूर आला तेव्हाही मी त्यांना तसं रडताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या पाठीवर हात ठेवायला मी पुढे झाले, पण माझ्या आधी दुसरंच कोणी पोचलं. कुठल्या तरी गावाहून कोणाच्या तरी अस्थी घेऊन आलेली, डोक्यावरून पदर घेतलेली एक अनोळखी बाई. काकू कोण, इथे यांना सगळा घाट ओळखतो, हे तिला काय ठाऊक? ती आपली दुःखी माणूस बघून शेजारी टेकली आणि तिने विचारलं, कोण होतं हो तुमचं?

काकूंनी पदराने तोंड पुसलं.

"मुलगा," त्या म्हणाल्या. "मुकुंद नाव त्याचं. फार उंच होता."